घरात कोविड शिरला तर : दिवस, श्वास आणि दवाखान्याचं अंतर

एप्रिल २०२१. देवगडकडे हापूसचा हंगाम भरात आलेला. मी एका बागायतदाराच्या खळ्यात उभा होतो. समोर पेट्या, पेंढा, आणि मधोमध खुर्चीवर बसलेले अठ्ठावन्न वर्षांचे काका वाशीच्या दलालाशी फोनवर भावावरून हुज्जत घालत होते. मला बोलावलं होतं त्यांच्या सुनेनं. कारण एवढंच, की बाबांनी सकाळची पेज टाकली. फोन ठेवून काका म्हणाले, "डॉक्टरानू, माका काय होवक नाय हा. जरा अंग मोडान इलाहा."

रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा ऑक्सिमीटर मी बोटाला लावला. आकडा ९४ किंवा वर हवा. ८६. बोट पुसलं, बदललं, पुन्हा लावलं. ८६च. पोटाकडे बघत घड्याळ लावून श्वास मोजले तर मिनिटाला ३०. आणि हा माणूस पाच मिनिटांपूर्वी डझनाच्या दरावरून भांडत होता.

"ताप पहिल्यांदा कधी आला?" काका म्हणाले, तीन-चार दिवस झाले असतील. सून आत गेली आणि भिंतीवरचं कालनिर्णय घेऊनच बाहेर आली. एका तारखेभोवती तिनं पेनानं गोल केला होता. मोजले तर तो दिवस आठवा निघाला. तिच्या त्या गोलानं मला जे सांगितलं ते त्या दिवशी कुठलाही रिपोर्ट सांगू शकला नसता, कारण रिपोर्ट यायलाच तेव्हा तीन दिवस लागत होते. तासाभरात आम्ही त्यांना गाडीत घातलं.

वीस वर्षांहून जास्त काळ मी खाडीकाठच्या गावांत डॉक्टरकी करतोय. कोविडच्या रुग्णांचा हिशेब आज मांडला तर एक गोष्ट ठसठशीत दिसते. वाचलेले आणि न वाचलेले यांच्यातला फरक बहुतेक वेळा महागड्या इंजेक्शनांनी पडला नाही. घरातल्या कोणीतरी दिवस मोजले, श्वास मोजले आणि वेळेत गाडी काढली, त्यानं पडला. म्हणून ही माहिती घरातल्या त्या माणसासाठी लिहितोय. जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ ला आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, पण विषाणू गेलेला नाही. चतुर्थीला मुंबईहून गाड्या भरून चाकरमानी येतात, आणि आठवडाभरात आमच्याकडे ताप-खोकल्याची रांग लागते. बहुतेकांना तो आता सर्दीसारखाच होऊन जातो. घरातल्या सत्तरीच्या आजीला, मधुमेहाच्या काकांना, डायलिसिसवरच्या माणसाला मात्र तो अजूनही झोपवू शकतो.

आधी आजार समजून घ्या

चीनमधल्या वुहान शहरात कारण न कळणारा न्यूमोनिया पसरतोय ही बातमी ३१ डिसेंबर २०१९ ला बाहेर आली. भारतातला पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० ला केरळात सापडला, महाराष्ट्रातले पहिले ९ मार्चला पुण्यात. हा विषाणू आपल्या पेशींवरच्या एसीई-२ नावाच्या कडीला स्वतःचे काटे अडकवून आत शिरतो. ही कडी नाकात असते, फुप्फुसात असते, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही असते. म्हणूनच एखाद्याला नुसती शिंक येते, एखाद्याचा वास जातो, आणि एखाद्याच्या रक्तात गुठळ्या होतात.

आजाराचे दोन भाग आहेत, आणि सगळे उपचार या दोन भागांवर बेतलेले आहेत. पहिला आठवडा विषाणूचा. तो वाढत असतो, ताप येतो, घसा धरतो, अंग दुखतं. बहुतेकांचा आजार इथेच संपतो. काहींच्या बाबतीत साधारण सातव्या-आठव्या दिवसापासून दुसरा भाग सुरू होतो. आता विषाणू ओसरत असतो, पण त्याच्याशी लढायला उठलेली आपलीच प्रतिकारशक्ती आवरत नाही. फुप्फुसांना सूज येते, हवेच्या बारीक पिशव्यांत पाणी साचतं आणि ऑक्सिजन रक्तात उतरेनासा होतो. साथीच्या सुरुवातीला, लस नव्हती तेव्हा, शंभरातल्या साधारण ८० जणांना सौम्य, १५ जणांना गंभीर आणि ५ जणांना अतिगंभीर आजार व्हायचा. लसीमुळे आणि होऊन गेलेल्या लागणीमुळे आता गंभीर आजाराचं प्रमाण पुष्कळ उतरलं आहे.

आता काकांना दम का जाणवला नाही ते सांगतो. दम लागल्याची जाणीव शरीराला मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की होते. कोविडच्या सुरुवातीच्या काळात फुप्फुसं लवचिक राहतात आणि तो वायू बाहेर जात राहतो. ऑक्सिजन उतरतो, पण धोक्याची घंटा वाजत नाही. रुग्ण बोलतो, चहा मागतो, भाव ठरवतो. त्यामुळे "कसं वाटतंय?" या प्रश्नाच्या उत्तरावर या आजारात भिस्त ठेवता येत नाही.

ताप आला त्या दिवशी

पहिलं काम म्हणजे तारखेभोवती गोल. पहिलं लक्षण दिसलं तो पहिला दिवस. कणकण, घशात खवखव, नेहमीपेक्षा वेगळं डोकं दुखणं, काहीही असो. चाचणी केली तो दिवस किंवा रिपोर्ट आला तो दिवस धरू नका, त्यानं हिशेब तीन-चार दिवसांनी चुकतो आणि पुढची सगळी औषधं चुकीच्या वेळी पडतात. वयस्कर माणसांना ताप न येताच नुसती मरगळ येते, खाणं तुटतं, कधी बोलण्यात गोंधळ होतो. तेही लक्षणच.

दुसरं काम चाचणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात अँटिजेन चाचणी पंधरा-वीस मिनिटांत होते, घरी करायचं किटही मिळतं. पट्टीवर दोन रेषा आल्या तर कोविड आहे असं धरा. एकच रेघ आली आणि लक्षणं आहेत, तर मोकळे झालात असं समजू नका. ही चाचणी बऱ्याच लागणी चुकवते. दोन दिवसांनी परत करा किंवा आरटीपीसीआर करून घ्या, आणि तोवर वेगळे राहा.

आता कोकणापुरती एक गोष्ट, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. आपल्याकडे जून ते ऑक्टोबरमधला ताप एकटा येत नाही. लावणीच्या चिखलात दिवसभर उभं राहिलेल्या माणसाला लेप्टो होतो. उंदरांच्या मुतातले जंतू पायांच्या भेगांतून शिरतात. त्यातही ताप, अंगदुखी आणि पुढे दम असतो, म्हणजे वरवर बघता कोविडच. फरक बारकाईनं बघावा लागतो. लेप्टोत पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत, डोळे लाल होतात, मग लघवी कमी होते, डोळ्यांत पिवळेपणा येतो. डेंग्यूत डोळ्यांच्या मागे ठणकतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून प्लेटलेट उतरू लागतात. मलेरियात हुडहुडी भरून ताप चढतो आणि घाम फुटून उतरतो. दोडामार्ग, सावंतवाडीकडे जानेवारीपासून पावसापर्यंतच्या काळात काजूच्या बागेत किंवा रानात जाऊन आलेल्याला ताप आला, तर गोचिडीच्या चाव्यातून होणारा माकडतापही डोक्यात ठेवावा लागतो. तिथे तो २०१६ पासून आहे.

लेप्टोवर साधी प्रतिजैविकं वेळेत पडली तर माणूस वाचतो आणि उशीर झाला तर किडनी जाते. २०२० च्या पावसाळ्यात "कोविडच असेल" म्हणून घरी बसलेल्या एका तरुण शेतकऱ्याला सहाव्या दिवशी माझ्याकडे आणलं तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते. तो वाचला, पण डायलिसिसच्या पाच फेऱ्यांनंतर. म्हणून पावसाळ्यात कोविडच्या चाचणीबरोबर मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोचं रक्तही तपासा, आणि चिखलात किती दिवस होतात ते डॉक्टरांना आपणहून सांगा. लेप्टो किंवा डेंग्यूची शंका असेपर्यंत आयब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका. पॅरासिटामॉलवर भागवा.

कुठे झोपवायचं

२०२० साली मुंबईहून आलेल्यांना गावांनी शाळेत ठेवलं, मांगरात ठेवलं. त्यात भीतीही होती आणि काही ठिकाणी कटुताही आली. पण जागेची निवड नकळत बरोबर होती. हा विषाणू श्वासातून निघणाऱ्या बारीक थेंबांवर आणि हवेत तरंगणाऱ्या कणांवर बसून पसरतो. कोंडलेल्या खोलीत तो तासन्‌तास राहतो, वाऱ्याला लागला की पांगतो. आपल्या घरांना पडवी आहे, ओटी आहे, मागचं दार आहे. हे आपलं भाग्य.

रुग्णाला माजघरात ठेवू नका. ती खोली अंधारी, तिला खिडक्या कमी, आणि घरातल्या सगळ्यांचा राबता तिथूनच. पडवीचा एक भाग झापांनी किंवा जुन्या लुगड्यानं आडोसा करून घ्या, समोरचं दार उघडं ठेवा. पावसाची झड आत येत असेल तर खिडकी असलेली बाजूची खोली द्या आणि समोरासमोरची दारं-खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा. पंखा असेल तर तो रुग्णाकडून बाहेरच्या दिशेला वारा जाईल असा लावा. घरच्यांकडे तोंड करून नको. ताट-वाटी साबणानं धुतली की पुरे, जाळायची किंवा पुरायची गरज नाही. न्हाणीघर एकच असेल तर रुग्णानं सगळ्यात शेवटी जावं आणि नंतर अर्धा तास दार उघडं ठेवावं.

सेवा एकानंच करावी, शक्यतो लस घेतलेल्या आणि धडधाकट माणसानं. खोलीत जाताना दोघांनीही मास्क लावावा. एन-९५ असेल तर उत्तम, मात्र तो गालांना नीट चिकटला पाहिजे. किमान सात दिवस वेगळं राहावं आणि शेवटचे तीन दिवस ताप नसावा, मग बाहेर यायला हरकत नाही.

वही घाला

शंभर पानांची साधी वही घ्या. रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी चार गोष्टी लिहा : आजाराचा दिवस कितवा, ताप, ऑक्सिमीटरचा आकडा, मिनिटाचे श्वास. मधुमेह असेल तर साखरही.

ऑक्सिमीटर लावण्यात लोक फार चुका करतात. रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवा. हात छातीच्या पातळीला ठेवा. बोट गार असेल तर चोळून गरम करा. नखावर नेलपॉलिश किंवा मेंदी नको. आपल्याकडे लग्नसराईत हे हमखास आडवं येतं, तेव्हा मेंदी नसलेलं बोट शोधा. आकडा लगेच वाचू नका, अर्धा-एक मिनिट स्थिर होऊ द्या. यंत्र एक-दोन अंकांनी चुकू शकतं, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर ते खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं असं आढळलं आहे. उन्हात राबलेल्या आपल्या माणसांच्या बाबतीत ९४ ला ९४ म्हणून निश्चिंत होऊ नये, असं मी त्यावरून ठरवलं आहे. एका आकड्यापेक्षा उतार बघा. सोमवारी ९८, मंगळवारी ९६, बुधवारी ९४, तर बुधवारीच डॉक्टरांना फोन.

श्वास मोजताना रुग्णाला सांगू नका. सांगितलं की माणूस श्वास आवरतो. नाडी बघितल्यासारखं मनगट धरा आणि नजर पोटावर ठेवा. पोट एकदा वर-खाली झालं की एक. पूर्ण साठ सेकंद मोजा, पंधरा सेकंदांना चारानं गुणू नका. मोठ्या माणसाचे १२ ते २० श्वास ठीक. २४ किंवा जास्त म्हणजे आजार मध्यम झाला. ३० च्या वर गंभीर. ऑक्सिजनचं गणितही सोबत ठेवा : ९४ आणि वर ठीक, ९० ते ९३ मध्यम, ९० च्या खाली गंभीर. दोन्हींतलं जे वाईट ते खरं धरायचं. यंत्र नसलं, सेल संपला, तरी श्वास मोजता येतात. मला विचाराल तर दोन्हींत माझा भरवसा श्वासांवर जास्त आहे.

पाचव्या दिवसापासून चालण्याची चाचणी घ्या. बसून आकडा ९४ किंवा वर असेल, दम नसेल, तरच. खळ्यात किंवा ओटीवर सपाट जागी नेहमीच्या चालीनं सहा मिनिटं चालवा. साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटं पुरे. सोबत कोणी असू द्या. चालून झाल्यावर आकडा तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरला किंवा ९४ च्या खाली गेला, किंवा माणूस धापा टाकायला लागला, तर फुप्फुस आतून दमलं आहे. काकांना आदल्या दिवशी असं चालवलं असतं तर आम्हाला एक दिवस मिळाला असता.

औषधं : काय, कधी, आणि काय मुळीच नाही

सौम्य आजाराला लागतं फार थोडं. तापाला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा त्रास असलेल्यानं किंवा रोज दारू पिणाऱ्यानं डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. घशाला मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. रक्तदाबाची, साखरेची, हृदयाची रोजची औषधं बंद करू नका. काढा आवडत असेल तर प्या, पण तो औषधाच्या जागी धरू नका आणि पोटात आग पडेल इतका तिखट करू नका. वाफेनं नाक मोकळं होतं, विषाणू मरत नाही. उकळतं पातेलं पोरांच्या हाताला लागून भाजल्याच्या केसेस मी कोविडइतक्याच गंभीरपणे घेतो.

ज्यांना धोका जास्त त्यांच्यासाठी पहिले पाच दिवस मोलाचे. साठीच्या वरचे, मधुमेह, किडनी, कॅन्सर, अवयवरोपण, दमा, फुप्फुसाचा जुना आजार, गरोदर बाई, लस न घेतलेले. यांनी पहिल्या-दुसऱ्या दिवशीच डॉक्टर गाठावा. विषाणूची वाढ रोखणारी औषधं, म्हणजे निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिरच्या गोळ्या किंवा तीन दिवसांचं रेमडेसिव्हिर, लवकर दिली तर दवाखान्यात भरती व्हायची वेळ टळू शकते. रिटोनाव्हिरचं रक्त पातळ करायच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी जमत नाही, म्हणून चालू औषधांची पिशवीच सोबत न्या. विषाणू ओसरून फुप्फुसं सुजली की या औषधांचा फारसा उपयोग राहत नाही. २०२१ मध्ये दहाव्या दिवशीच्या रुग्णासाठी रेमडेसिव्हिरच्या शोधात लोकांनी दागिने मोडले. ते आठवलं की आजही जीव तुटतो.

स्टिरॉइडबद्दल नीट वाचा, कारण याच औषधानं सगळ्यात जास्त जीव वाचवले आणि चुकीच्या हातात सगळ्यात जास्त नुकसानही केलं. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीचा निष्कर्ष आला. डेक्सामेथासोन, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशानं घटले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशानं. आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही, उलट तोटा होण्याकडेच कल दिसला. कारण सरळ आहे. पहिल्या आठवड्यात प्रतिकारशक्ती विषाणूशी लढत असते आणि स्टिरॉइड तिलाच दाबतं. दुसऱ्या आठवड्यात तीच बेफाम होते, तेव्हा तिला दाबावंच लागतं. औषध तेच, आठवडा वेगळा.

मे २०२१ मध्ये एक रिक्षावाला माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवसापासूनच त्याला कुठून तरी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. ताप लगेच उतरला म्हणून तो खूश होता. साखर चारशेच्या वर गेली होती, आणि आपल्याला मधुमेह आहे हेच त्याला माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी त्याचा एका बाजूचा गाल सुजला, वरचे दात दुखू लागले, नाकातून काळपट स्राव यायला लागला. म्युकरमायकोसिस, लोक ज्याला काळी बुरशी म्हणाले. डोळा वाचला, वरचा जबडा काढावा लागला. ऑक्सिजन ९४ किंवा वर असताना कोणी स्टिरॉइड लिहून दिलं तर "कशासाठी?" असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

बाकीचं भराभर सांगतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, आयव्हरमेक्टिन, ॲझिथ्रोमायसिन, तिन्हींच्या मोठ्या चाचण्या झाल्या, उपयोग दिसला नाही. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा देण्याची चाचणी आपल्याच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केली, त्यानं मृत्यू टळले नाहीत. सौम्य आजारात पहिल्या दोन-चार दिवसांत सीटी स्कॅन काढून काही साधत नाही. मुलांना आजार बहुधा हलका होतो, त्यांना ॲस्पिरिन देऊ नका, आणि बरं झाल्यावर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा जोराचा ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी दिसली तर थेट दवाखान्यात न्या.

पेज आणि पालथं झोपणं

उकड्या तांदळाची पेज, चिमूटभर मीठ घालून, दर दोन-तीन तासांनी वाटीभर. यापेक्षा चांगलं मला सुचत नाही. कुळथाचं कळण, ताक, शहाळं, मऊ भात, अंडं, झेपलं तर माशाचं पातळ कालवण. किडनीच्या रुग्णाला शहाळं देऊ नका, त्यातलं पोटॅशियम बाधतं. लघवी गडद होत असेल तर पाणी कमी पडतंय.

आकडा ९४ च्या खाली घसरला आणि गाडी यायला वेळ आहे, तर रुग्णाला पालथं झोपवा. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. अर्धा ते दोन तास पालथं, मग उजव्या कुशीवर, मग टेकून बसवून, मग डाव्या कुशीवर, आणि पुन्हा पालथं. पाठीकडची फुप्फुसं उघडतात, आकडा कधी कधी दहा मिनिटांत तीन-चार अंकांनी चढतो. जेवल्यावर तासभर नको. दिवस भरत आलेल्या गरोदर बाईला, हृदयाच्या गंभीर रुग्णाला, पाठीचा कणा दुखावलेल्याला नको. आकडा चढला म्हणून गाडी मात्र परत पाठवू नका.

निघायचं कधी

पुण्यातल्या माणसाला आकडा ९२ झाल्यावर निघून चालतं, त्याचं हॉस्पिटल चार चौक पलीकडे असतं. आपल्याकडे आधी तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, मग ओरोस किंवा रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय, आणि तिथून पुढे जायचं तर आंबा, फोंडा नाहीतर गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर, किंवा बांद्यावरून गोव्यात बांबोळीचं मोठं सरकारी रुग्णालय. रत्नागिरीहून कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर. पावसात दरड आली तर किती तास, कोण सांगणार? म्हणून माझा नियम असा : दवाखान्याला दोन तासांहून जास्त लागत असतील तर ९४ लाच निघा, आणि सातव्या दिवसानंतर उतार दिसायला लागला तर रात्र पडू देऊ नका. पुढे जास्त गंभीर होण्याची शक्यता सातव्या ते दहाव्या दिवसांत सर्वाधिक असते.

आकडा कितीही असो, या गोष्टी दिसल्या तर लगेच १०८ : बोलताना वाक्य तुटणं, ओठ किंवा नखं निळसर होणं, छातीत दाब, गोंधळून बोलणं, जागं करूनही नीट जागं न होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं.

रुग्णवाहिका आली की ऑक्सिजनचा सिलिंडर स्वतः बघा. गाडीत बहुधा छोटा सिलिंडर असतो, भरलेला असेल तर दाबाचा काटा १५० च्या आसपास आणि आत साधारण १,५०० लिटर. म्हणजे काट्यावरचा आकडा गुणिले दहा, तितके लिटर. मिनिटाला ५ लिटर लागत असेल तर भरलेला सिलिंडर पाच तास पुरतो. १० लिटर लागत असेल तर अडीच तास. काटा ७५ वर असेल तर १० लिटरनं सव्वा तास, आणि सव्वा तासात घाटसुद्धा लागत नाही. प्रवासाच्या वेळेच्या दीडपट ऑक्सिजन असल्याशिवाय निघू नका. दुसरा सिलिंडर, चालू स्थितीतला पाना आणि मास्क आहे याची खात्री करा. हे विचारायला संकोच करू नका, चांगला चालक उलट स्वतःच दाखवतो.

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं विजेवरचं यंत्र, आणणाऱ्यांनी विजेचा विचार आधी करावा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कितीतरी वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ ऐन दुसऱ्या लाटेत आलं. ते यंत्र दवाखान्यात पोचेपर्यंतचा आधार आहे, त्याच्या भरवशावर ८८ चा माणूस घरी ठेवायचा नाही.

पिशवी पाचव्या दिवशीच भरून ठेवा : वही, आधार कार्ड, चालू औषधं, जुने रिपोर्ट, चार्जर, टॉवेल, चष्मा, कवळी, पाण्याची बाटली. वहीचं शेवटचं पान फाडून रुग्णाच्या खिशात ठेवा. धावपळीत वही मागे राहते, ते पान राहत नाही.

घरी परतल्यावर

दवाखान्यातून आलेल्या माणसाची साखर पुढचे चार आठवडे तपासत राहा, स्टिरॉइड घेतलेल्यांची तर नक्कीच. गाल सुजणं, दात हलणं, नाकातून काळा स्राव, दोन-दोन दिसणं यातलं काही झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर ती रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळायची नाही. दवाखान्यानं रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या असतील तर सांगितलेल्या मुदतीआधी सोडू नका. लस आधी घेतली नसेल, आणि वय किंवा जुना आजार असेल, तर आता ती कधी घ्यायची ते आरोग्य केंद्रात विचारा.

थकवा मात्र लांबतो, आणि घरच्यांना तो आळस वाटतो. काका एकोणीस दिवसांनी परतले. पहिला आठवडा त्यांना ओटीवरून खळ्यापर्यंतच जाऊ दिलं, दिवसातून तीनदा, सुनेच्या हातात ऑक्सिमीटर. दुसऱ्या आठवड्यात विहिरीपर्यंत. चढ चढायचा नाही, वजन उचलायचं नाही, धाप लागायच्या आत थांबायचं. लावणीच्या वेळी ते चिडले, पण बांधावर खुर्ची टाकूनच बसले. सहा महिने होत आले तेव्हा एका सकाळी ते न थांबता वरच्या बागेपर्यंत चढले. सुनेनं तिथेच त्यांचं बोट पुसलं आणि यंत्र लावलं. ९६ आला. तो तिनं वहीत तारखेसह लिहिला आणि वही परत पिशवीत ठेवली.